पात्यापाशी आलेली झोप

एकदा एका नदीकाठच्या गावात तसबिरींना चौकटी करणारे एक वृद्ध कारागीर राहत होते. देवादिकांची चित्रं असोत, लग्नातले फोटो असोत की दिवंगतांच्या छबी, त्यांच्या हातून निघालेल्या चौकटीचे चारही कोपरे असे जुळत की नख फिरवलं तरी सांधा लागत नसे. सारा बाजार त्यांना दाजी म्हणे. सत्तरी उलटली होती आणि हाताची दहाही बोटं शाबूत होती. त्या धंद्यात ही गोष्ट सांगण्याजोगी आहे, म्हणून सांगितली.

त्यांच्यापाशी श्रीपती नावाचा शिष्य होता. शिष्य म्हटलं तरी तो पोरसवदा नव्हता. नोकरीचा छापखाना बंद पडल्यावर वयाच्या अडतिसाव्या वर्षी तो दाजींकडे काम शिकायला आला आणि चार वर्षांत चांगला तयार झाला. दुकानातलं कापायचं यंत्र आता तोच चालवी. यंत्र पायाचं होतं. पेडल दाबलं की कोनात बसवलेली दोन पाती एकदम खाली येत आणि लाकडाची पट्टी लोण्यासारखी तुटे.

एके दिवशी सकाळी श्रीपती म्हणाला, "दाजी, हे यंत्र आता काढून टाका. विजेची करवत घेऊ."

"का रे? याला काय झालं?"

"ढिलं झालंय. पाती आपोआप खाली येतात. काल मी पट्टी सरकवत होतो, पाय पेडलवर नव्हतासुद्धा. आणि खट्कन् आवाज झाला."

"पाय नव्हता, हे नक्की?"

"नक्की," श्रीपती म्हणाला. पण बोलताना त्याने दाजींकडे पाहिलं नाही.

खरं सांगायचं तर त्याला नक्की काहीच ठाऊक नव्हतं. गेल्या पंधरवड्यात असं तीनदा घडलं होतं. समोर कापलेली पट्टी पडलेली असे आणि ती आपण कधी कापली हे त्याला आठवत नसे. कालच्या वेळी तर तुटलेल्या टोकापासून त्याचा अंगठा जेमतेम दोन बोटांवर होता. तेव्हापासून तो धास्तावला होता, आणि यंत्राला दोष दिला की ती धास्ती घटकाभर सैल होई.

दाजींनी यंत्र उघडलं. स्प्रिंग ओढून पाहिली, बिजागऱ्यांना तेल घातलं, पेडल दहा वेळा दाबलं आणि सोडलं. काहीच ढिलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "झोपतोस किती?"

"मिळेल तेवढी. कधी दोन तास, कधी तीन. दुपारी बसल्या बसल्या एखादी डुलकी. माझं असंच आहे दाजी, मला फार लागत नाही."

दुसऱ्या दिवशी श्रीपती दुकानात आला तेव्हा यंत्राची दोन्ही पाती काढलेली होती. त्यांच्या जागी पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या बसवल्या होत्या, पट्ट्यांच्या कडांना मऊ चिंधी गुंडाळली होती, आणि ती चिंधी तांबड्या रंगात भिजवलेली होती.

"आज यावरच काम कर," दाजी म्हणाले. "रोजच्यासारखी पट्टी लाव, माप घे, पेडल दाब. पट्टीवर रेघ उमटली की बाजूला ठेव."

श्रीपती चकितच झाला. "अहो, शाळेच्या चाळीस चौकटी परवा द्यायच्या आहेत! दिवसभर रेघा मारत बसू?"

"शाळेला मी चार दिवस मागून घेतले आहेत. तू बस."

गुरूच्या शब्दापुढे जाण्याची रीत त्या दुकानात नव्हती. श्रीपती बसला. सकाळ त्याने रागात काढली. जेवण झाल्यावर राग ओसरला आणि उरलं ते नुसतं काम: पट्टी, माप, पेडल, रेघ. दाजी तीन हातांवर स्टुलावर बसून काच पुसत होते. रस्त्यावर उन्हाची तिरीप होती. वेळ गेला.

पाचच्या सुमारास दाजी उठले. "पुरे. हात दाखव."

श्रीपतीने हात पुढे केले आणि त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. डाव्या हाताच्या तर्जनीवर आणि मधल्या बोटावर, मधल्या पेरापाशी, तांबडी रेघ होती. रंगाचे डाग दिवसभर इकडेतिकडे लागतच होते, म्हणून त्याने लक्ष दिलं नव्हतं; पण हा तसा डाग नव्हता. सरळ, बारीक, दोन्ही बोटांवरून सलग गेलेली आणि कोनात वळलेली रेघ. अशी रेघ त्या यंत्राखेरीज कशानेही उमटत नाही.

"हे... हे कधी झालं?"

"सव्वातीनला."

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं. तुझे डोळे उघडे होते. मी हाक मारली, 'श्रीपती, हात!' तू म्हणालास, 'हो.' आणि पेडल दाबलंस."

श्रीपतीला ती हाक आठवेना. आपलं उत्तर आठवेना. तो मटकन् खाली बसला, दुसऱ्या हाताने ती दोन बोटं गच्च धरली, जणू ती आत्ताच गळून पडतील. मग तो दाजींना जे बोलला, ते त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"माझे वडील बेचाळिसाव्या वर्षी गेले, दाजी. जेवले, हसले, अंथरुणावर पडले. सकाळी आई हलवून हलवून थकली. मला यंदा बेचाळीस लागलं. पाठ टेकली की वाटतं, आता डोळा लागला तर... म्हणून मी बसून राहतो. भिंतीला टेकून. डोळा लागलाच तर दचकून उठतो, छातीवर हात ठेवून बघतो."

दाजी त्याच्याजवळ जमिनीवरच बसले. त्यांचा आवाज अगदी हळू होता.

"श्रीपती, झोप कोणाला चुकवता येत नाही. अंथरुणात तू तिला येऊ दिलं नाहीस, म्हणून ती इथे आली. आणि भीती? तिची खरी जागा या पात्यापाशी होती. मी चाळीस वर्षं रोज सकाळी या यंत्रापुढे बसताना मनातून घाबरत आलो. माझी बोटं त्या भीतीने राखली आहेत. तू ती भीती उचलून उशाशी नेऊन ठेवलीस. दोघींच्या जागा बदलल्या, एवढंच झालं. पण एवढ्यानेच आज तुझी दोन बोटं गेली असती."

मग ते म्हणाले, "मी सांगितलं म्हणून तुझी भीती जाणार नाही, हे मला कळतं. उद्या दवाखान्यात जाऊन छाती तपासून घेऊ. मी बरोबर येतो. आत्ता मात्र त्या चटईवर आडवा हो."

"आत्ता? इथे?"

"इथेच. मी बसलो आहे. श्वास मोजायचा असेल तर तो मी मोजीन."

श्रीपती आडवा झाला. दोनदा तो उठून बसला आणि दोनदा दाजींनी नुसता हात खांद्यावर ठेवला. तिसऱ्यांदा तो उठला नाही. दिवेलागणीला बायको शोधत आली, तेव्हा दाजींनी ओठांवर बोट ठेवून तिला बाहेरच बसायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं. काळजीचं काही नव्हतं. तरीही पहिले काही दिवस अवघड गेले. श्रीपतीने घरी बायकोला सगळं सांगितलं आणि ती त्याला झोप लागेपर्यंत जागी राहू लागली. दाजींनी त्याच्याकडे नुसतं काच पुसण्याचं आणि मागचे खिळे ठोकण्याचं काम ठेवलं. शाळेच्या चौकटी त्यांनी स्वतः कापल्या.

तीन आठवड्यांनी एका सकाळी दाजींनी यंत्राकडे बोट दाखवलं. खरी पाती चकाकत होती. श्रीपती बसला, पट्टी लावली, आणि पेडलवर पाय ठेवताच त्याला दरदरून घाम फुटला.

"दाजी, मला या यंत्राची भीती वाटते. आजवर कधी वाटली नव्हती."

दाजींनी त्याचा चेहरा नीट न्याहाळला. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती.

"छान," ते म्हणाले. "आता काप."