पदीबायची उघाडी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नेमकी किती, ते खारतळ्यातला प्रत्येक म्हातारा वेगळं सांगतो, म्हणून ते राहू द्या. खाडीकाठी खारतळे गाव होतं, गावाचं मिठागर होतं आणि मिठागराच्या तोंडाशी उघाडी होती. उघाडी म्हणजे बांधातला लाकडी दरवाजा. फळी उचलली की भरतीचं पाणी आत येतं, पाडली की बाहेर राहतं. तिथे पदीबाय राखणीला होती. भरती यायच्या आधी खाडी तिला हाक मारायची, असं म्हणतात.

चैत्री पौर्णिमा होती, खाडीला उधाण होतं. बांधांवर मिठाच्या राशी रचून तयार होत्या. त्या विकून पावसाळ्याचा तांदूळ यायचा.

भर दुपारी आभाळात लष्कराचं विमान आलं. मोठं, पोटात सैनिक घेऊन जाणारं. एका इंजिनातून धूर निघत होता. गावावरून गेलं, वळलं, परत आलं. दर फेरीला आणखी खाली येत होतं.

"याची चाकं बाहेर येत नायत," पदीबाय म्हणाली. "हा आपल्या आगरात उतरणार."

गाव बांधावर गोळा झालं. आगराची जमीन उन्हाने दगडासारखी झालेली, त्यात जागोजाग बांध. तिथे विमान आपटलं असतं तर आतलं कोण उरलं असतं?

"उघाडी उचला," पदीबाय म्हणाली. "चाकं नसली की ती होडीच. होडीला चिखल लागतो."

"आणि मीठ?" गोमाजी पाटलांनी विचारलं. गावात सगळ्यांत वडील तेच.

"मीठ विरघळंल."

"बैस गो जरा. जाणती माणसं विचार करतायत."

जाणती माणसं विचार करू लागली. एकाने विचारलं, विमान आपलं का परक्याचं. दुसरा म्हणाला, शेजारच्या गावाचं आगर मोठं आहे, तिकडे जाईल. तेवढ्यात विमान माडांच्या शेंड्यांवरून गेलं आणि खिडकीत पदीबायला एक तोंड दिसलं. नुकतं मिसरूड फुटलेलं.

"तुमी विचार करा," ती म्हणाली. "तवर मी उघडते."

चार गड्यांना न हलणारी फळी तिने एकटीने उचलली, असं म्हणतात. पलीकडून खाडीनेही खांदा लावला, असंही म्हणतात. पाणी उड्या मारत आत आलं. उघाडीला लागून पहिली रास पदीबायचीच होती. ती आधी गेली. मग पाटलांची. विमान वर घिरट्या घालत थांबलं, आणि बांध लोण्यासारखे बसल्यावरच खाली आलं.

पोटावर आलं. घसरत घसरत पदीबायच्या पावलांपुढे थांबलं, अंगणात गाय येऊन बसावी तसं. एकामागून एक सगळे बाहेर आले. एकाचं नाक तेवढं फुटलं होतं. चिखलाने इतके माखलेले की साहेब कोण, शिपाई कोण, त्यांचं त्यांनाही कळेना. पदीबाय प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत पुढे गेली. "आलास? बरं झालं. आलास? बरं झालं."

त्या पावसाळ्यात गाव अर्धपोटी राहिलं. पाटील पदीबायशी बोलेनात. मीठ गेलं, आता आगरही गेलं, असं जाणती माणसं म्हणत राहिली. आगराचा तळ पायांनी तुडवून घट्ट केला तरच मीठ पांढरं येतं, आणि एवढा चिखल तुडवायला गावात पाय नव्हते.

पाऊस सरला आणि रस्त्याने पाय आले. तेच सैनिक, रजा घेऊन, खांद्यावर तांदळाची पोती. बूट काढून त्यांनी बांधावर ओळीने ठेवले आणि चिखलात उतरले. साहेबाने हुकूम सोडला, डावा, उजवा, डावा, उजवा. असा तळ कधी कुणी तुडवला नव्हता. त्या वर्षी मीठ इतकं पांढरं आलं की बगळे त्यात हरवायचे, असं म्हणतात. पाटलांनी पहिली पाटी भरली आणि स्वतः पदीबायच्या दारात नेऊन ठेवली.

पदीबाय आता नाही. एका उधाणाला ती पाण्यासोबत चालत गेली, असं म्हणतात. म्हातारपणाने गेली असेल, तरी असंच म्हणतात. पण आजही हंगाम सुरू होताना सगळं खारतळे अनवाणी आगरात उतरतं आणि डावा-उजवा म्हणत तळ तुडवतं. त्याआधी साठलेलं पावसाचं पाणी खाडीत सोडावं लागतं. तेव्हा गावातला सगळ्यांत वडील माणूस उघाडीपाशी जातो, फळीला हात लावतो आणि मोठ्याने विचारतो, "उघडू का गो, पदीबाय?"

आणि बांधावर उभ्या सगळ्या पोरी एका सुरात सांगतात, "विचारत काय बसलास? उघड."