चेअरमनच्या माशाला कापूस आला त्याची गोष्ट

कुंभारपिंपळ नावाच्या गावात एक भोळा गडी होता आणि त्याचा एक हुशार मालक होता. गोष्ट भोळ्याची आहे, पण अधूनमधून हुशारावरही नजर ठेवा.

गड्याचं नाव झुंबर. पेंडीचं पोतं एका हातानं उचलायचा. सांगितलेलं काम सांगितलं तसंच करायचा. एवढा एकच दोष, पण भरपूर होता.

मालक म्हणजे दूध संघाचे चेअरमन भागुजीराव. त्यांच्या बैठकीत काचेची पेटी होती आणि पेटीत सोनेरी मासे होते. पुण्याच्या वास्तुगुरुजींनी सांगितलं होतं, "त्यातला मोठा मासा म्हणजे तुमची खुर्ची. तो पोहतोय तोवर तुम्हाला कोणी हलवत नाही." तेव्हापासून भागुजीराव सकाळी उठून देवाआधी माशाचं तोंड बघायचे. संघाच्या म्हशी आजारी पडल्या तर डॉक्टर सवडीनं यायचा. माशाचं तसं नव्हतं.

आणि नेमकी चेअरमनपदाची निवडणूक तोंडावर आली असताना मोठ्या माशाच्या शेपटीला पांढरं काहीतरी आलं. कापसाचा बोळा चिकटवल्यासारखं. मासा एका कोपऱ्यात वाकडा होऊन बसला. भागुजीरावांनाही जेवण जाईना.

"झुंबर, तालुक्याला जा. मासेवाल्या हुसेनभाईला मासा दाखव आणि औषध आण."

मालकीणबाईंनी मासा पाणी भरलेल्या पिशवीत घालून दिला. हुसेनभाईनं पिशवी उजेडात धरली.

"बुरशी आहे. बरा होईल. आणलास मात्र झकास. असंच आणायचं बघ, पाण्याच्या पिशवीत."

त्यानं निळ्या भुकटीच्या औषधाचं पाकीट दिलं. झुंबरनं स्टँडवरच्या नळाखाली दुसरी पिशवी भरली आणि पाकीट फोडून त्यात सोडलं. एका हातात मासा, दुसऱ्या हातात शाई, असा तो घरी आला.

भागुजीरावांनी कपाळाला हात लावला. "अरे खुळ्या, औषध होतं ते. कागदात गुंडाळायचं, खिशात घालायचं, वरून हात ठेवायचा."

"बरं मालक. आता तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी परत तालुका. या वेळी हुसेनभाईनं औषधाचा अख्खा डबाच दिला आणि माशाच्या तोंडाला चव यावी म्हणून वाटीभर जिवंत लाल अळ्या. झुंबरनं अळ्या कागदात गुंडाळल्या, खिशात घातल्या आणि वरून हात ठेवला. एसटीत अर्ध्या रस्त्यात अळ्या कागदातून निघाल्या आणि शेजारी बसलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरीच्या बाहीत शिरल्या. सेक्रेटरी घाटातच उतरला. त्याचं मत भागुजीरावांना पडणार होतं. तेही घाटातच उतरलं.

"अरे गाढवा," भागुजीराव म्हणाले, "जिवंत होत्या त्या. जिवंत जीव पाण्यातून आणायचा असतो, एवढंही कळत नाही?"

"बरं मालक. आता तसंच करतो."

मग माशाला बघायला वास्तुगुरुजी निघाले. एसटीनं आले. भागुजीराव म्हणाले, "झुंबर, गुरुजींना फाट्यावरून घेऊन ये."

फाट्यापासून गावापर्यंत चांगली डांबरी सडक होती. शेजारून कालवाही होता.

झुंबरनं गुरुजींना वर-खाली न्याहाळलं. "गुरुजी, तुम्ही जिवंतच ना?"

"म्हणजे काय? आहेच की."

"मग चला कालव्यातनं."

गुरुजी गळ्यापर्यंत भिजून आले. शेवाळ्यानं हिरवे झाले होते. त्यांनी मासा बघितला नाही, चहा घेतला नाही. जाताना एवढंच म्हणाले, "या घरात जलतत्त्व फार झालंय." पहिल्यांदाच त्यांचं काहीतरी बरोबर आलं.

आता भागुजीरावांनी हुसेनभाईलाच घरी बोलावलं आणि झुंबरला पेटीसमोर बसवलं. "आजपासून कुठं जायचं नाही. हे सांगतील तेवढंच करायचं."

हुसेनभाई सांगू लागला. "नीट ऐक. अंगावर पांढरं कापसासारखं दिसलं की समजायचं, लागण झाली. त्याला आधी बाकीच्यांतून वेगळा काढायचा. टबात ठेवायचा. पाण्यात खडेमीठ टाकायचं, जीव बघून, लहानाला कमी, मोठ्याला जास्त. वरून निळं औषध. उजेड द्यायचा नाही. धडपडेल, बाहेर यायला बघेल, तरी दया करायची नाही. एकाला राहू दिलं तर सगळ्यांना होतं."

झुंबरनं अगदी तसंच केलं. आणि काय सांगू, मासा बरा झाला. कापूस गळाला, शेपूट सरळ झाली. भागुजीरावांनी झुंबरच्या पाठीवर थाप मारली. आयुष्यातली पहिली.

"शाबास. असाच डोळे उघडे ठेव. कुठं पांढरं दिसलं की मला विचारत बसू नको."

"बरं मालक. आता तसंच करतो."

निवडणुकीचा दिवस उजाडला. मालकीणबाई नवस बोलायला देवळात गेल्या. सगळे संचालक बैठकीत जमले. कडक इस्त्रीचे सदरे, कडक इस्त्रीचे पायजमे. झुंबर चहा घेऊन आला आणि दारातच थबकला. सगळेच पांढरे. नखशिखांत.

एवढ्यात आतून भागुजीराव आले. सदरा पांढरा, धोतर पांढरं, खांद्यावर उपरणं पांढरं, डोक्यावर टोपी पांढरी. सगळ्यांत जास्त यांनाच झालंय, झुंबरच्या मनात आलं. म्हणजे लागण इथूनच.

भागुजीराव मिशीवरून हात फिरवायला न्हाणीघरात गेले. मागोमाग झुंबर गेला. पेंडीचं पोतं उचलायची सवय होतीच, मालकांना उचलून पाण्याच्या हौदात ठेवलं. माशाला चिमूटभर मीठ लागलं होतं, मालकांना आख्खं पोतं लागलं. औषधाचा उरलेला डबा वरून ओतला. दिवा घालवला. बाहेरून कडी लावली.

आत फार धडपड झाली. झुंबरनं दया केली नाही.

"काय रे, कसला आवाज येतोय?" गेनूतात्यांनी विचारलं. हे भागुजीरावांचे सगळ्यांत विश्वासू संचालक.

"मालकांना वेगळं काढलंय. मिठाच्या पाण्यात ठेवलंय. बरे होतील."

संचालकांनी एकमेकांकडे बघितलं. आतून भागुजीराव ओरडत होते, "गेनूतात्या, कडी काढा."

गेनूतात्यांनी शांतपणे चहा संपवला. "आजारी माणसाला त्रास देऊ नये," ते म्हणाले. "सभेची वेळ झाली. चला."

सगळे गेले. जाताना दार हळूच ओढून घेतलं, उजेड नको म्हणून.

दुपारी मालकीणबाई आल्या, तेव्हा कडी निघाली. भागुजीराव टोपीपासून टाचेपर्यंत निळे. तसेच संघाच्या कचेरीकडे पळाले, मागून झुंबर. खुर्चीत गेनूतात्या बसले होते. बिनविरोध. गळ्यात हार आणि अंगावर एकही सुरकुती नसलेला पांढराशुभ्र सदरा.

झुंबर मालकांच्या कानाशी लागला.

"मालक, पसरलीच बघा लागण. मिठाचं पोतं आणू का?"

भागुजीरावांनी त्याला गाढव म्हटलं नाही, खुळ्याही म्हटलं नाही. पापणीवरचा निळा थेंब पुसून म्हणाले, "दोन आण."