दोर कोणी धरायचा

“मग आता माझ्यात उरलंय काय, बाबा? तुम्हीच सांगा.”

लहानूबाबा मांडीवर वाख घेऊन दोर वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“तीन वर्षं झाली,” सुरमल म्हणाला. “पाणी भरलं, लाकडं फोडली, तुमचे पाय चेपले. रोज देवाचं नाव घेतलं. आता मनात कोणाबद्दल काही नाही. मी सगळ्यांना माफ केलं. मला अनुग्रह द्या.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना.”

“तीन वर्षांत तुला गोवरी धड थापता येईना,” बाबा म्हणाले, “आणि माफी जमली म्हणतोस.”

सुरमल हसला नाही. तो तांब्या घेऊन पाणी प्यायला उठला.

लहानूबाबांनी चाळीस वर्षं एका उंच कड्यावरून दोरानं उतरून मध काढला होता. आता हात कापायचे, म्हणून ते कड्याच्या माथ्यावर, देवीच्या दगडाजवळ झोपडी बांधून राहत. लोक मध मागायला वर येत आणि मनातलं काहीबाही विचारून जात.

सुरमल पारध्याचा. खाली माळावर त्यांची वस्ती होती. गावात काही चोरीला गेलं की गाव आधी वस्तीवर यायचं. अकरा वर्षांपूर्वी बैलांची एक जोडी गेली, तेव्हा गाव पलिते घेऊन आलं. चोर पुढे गावातच सापडला. पण तोवर सुरमलची झोपडी जळून गेली होती, आणि आत त्याची सहा वर्षांची बहीण होती. छबी.

सुरमल तेव्हा अकरा वर्षांचा होता. शेजारच्या तुरीत तो पालथा पडून राहिला. त्याला चेहरे दिसले नाहीत. एक आवाज तेवढा ऐकू आला.

“बाहेरनं कडी घाला रे!”

तो उठला नाही. दोन्ही मुठींत त्यानं माती धरून ठेवली होती.

“कुणी हाय का?”

बाबांच्या झोपडीबाहेरून हाक आली, आणि सुरमलच्या हातातला तांब्या पडला. पाणी वाहत बाबांच्या वाखापर्यंत गेलं.

तोच आवाज होता.

दारात पन्नाशीचा एक माणूस उभा होता. चढून आल्यामुळे घामाघूम झालेला. हातात पत्र्याचा डबा.

“मी केरबा. खालच्या गावचा. नातीला भाजलंय, बाबा. उकळतं दूध सांडलं अंगावर. दवाखाना झाला, मलम झालं, जखम भरंना. वैद्य म्हणतो, कड्यावरचा मध आण.”

“किती वर्षांची?”

“सहा.”

सुरमलनं तांब्या उचलला नाही.

“मध आहे,” बाबा म्हणाले. “पण तो कड्यावर आहे. ज्याला हवा त्यानं उतरायचं. तुझा मेहुणा कुठे आहे?”

केरबाला रिवाज माहीत होता. सख्खा भाऊ दोर धरत नाही. भावाभावांत बांधाची भांडणं असतात. दोर बायकोचा भाऊ धरतो. त्याला आपली बहीण विधवा व्हायला नको असते.

“मेहुणा गेला दोन वर्षांमागं. एकटाच आलोय.”

“मग हा धरेल. हा सुरमल. माळावरच्या वस्तीतला. जळाली ती.”

केरबानं पहिल्यांदाच सुरमलकडे नीट पाहिलं. हातातल्या डब्याची कडी खुळखुळायला लागली.

“बाबा... रिवाज मोडू नका.”

“मोडतंय कोण? दोर बहिणीच्या भावानं धरायचा. हाही बहिणीचाच भाऊ आहे.”

बाबा दोर घेऊन उठले.

कड्याच्या टोकाशी अजून गारवा होता. अशा वेळी माश्या जड असतात, लवकर उठत नाहीत. केरबानं एकदा खाली जाणाऱ्या वाटेकडे पाहिलं, एकदा रिकाम्या डब्याकडे. मग त्यानं दोराचा फास मांड्यांभोवती घेतला. पण गाठ त्याला मारता येईना. बोटं ऐकत नव्हती.

गाठ सुरमलनं मारली.

“पोरा,” केरबा हळूच म्हणाला, “तुझ्या घरी... कोण कोण असतं?”

“खाली गेल्यावर बोलायचं नाही. आवाजानं माश्या उठतात. एक हिसका दिलात की ढील देईन. दोन दिलेत की ओढीन.”

“आणि तीन दिले तर?”

“तीन कोणी देत नाही.”

केरबा धुरासाठी गवताची धुमसणारी चूड दातांत धरून कड्याखाली गेला. आधी पाय दिसेनासे झाले, मग खांदे. शेवटी त्याचे डोळे दिसत होते. ते सुरमलच्या हातांकडे बघत होते.

दोराचा एक वेढा खडकाला होता. बाकीचा सुरमलच्या मुठीत.

एक हिसका. ढील.

एक हिसका. ढील.

मग दोर ताणून स्थिर झाला. खाली एक माणूस लोंबत होता, आणि त्याच्याखाली दरी होती.

सुरमलच्या करंगळीची पकड सुटली. त्यानं ती सोडली नव्हती. ती आपोआप सुटली. मग तिच्या शेजारचं बोट.

“बाबा,” तो म्हणाला, “दोर झाडाला बांधा.”

“का? जड झाला?”

“नाही... मला भीती वाटते.”

“त्याची?”

“माझ्या हातांची.”

लहानूबाबा देवीच्या दगडाला टेकून बसले होते. ते हलले नाहीत.

“बांधा ना, बाबा! हा तोच आहे. कडी घाला म्हणणारा हाच. मी खोटं बोललो तुमच्याशी. मी कोणालाच माफ केलेलं नाही.”

“मग काय, माफी झाडानं करायची?”

तेवढ्यात दोराला दोन हिसके आले. आणि तिसरा. मग मोजता येईनात. खालून एक काळा घोंघाट वर चढला.

माश्या उठल्या होत्या.

पहिली सुरमलच्या मानेला डसली. दुसरी पापणीला. मग त्याच्या दोन्ही हातांवर माश्याच माश्या बसल्या. त्या झटकायला एक हात मोकळा करावा लागला असता.

त्यानं डोळे मिटले. देवाचं नाव घ्यायला गेला, तर ते तोंडात येईना. आलं ते दुसरंच नाव.

“छबी,” तो म्हणाला. सुटलेली बोटं पुन्हा दोरावर आवळली. तो उठून उभा राहिला आणि ओढू लागला.

हातभर दोर वर आला. “छबी.” पुन्हा हातभर. “छबी.”

बऱ्याच वेळानं कड्याच्या टोकावर एक हात आला. मग डबा. मग सुजलेलं तोंड.

केरबा वर आला आणि पालथाच पडला. त्यानं दोन्ही मुठींत माती घट्ट धरली होती.

सुरमल त्या मुठींकडे बघत राहिला.

बाबांनी दुसरी चूड पेटवून धूर केला. हळूहळू घोंघाट विरला.

“मला वाटलं, तू...” केरबा म्हणाला.

“मलाही वाटलं.”

“त्या दिवशी... कडी...”

“माहीत आहे.”

“कधीपासनं?”

“तुम्ही दारातून हाक मारलीत तेव्हापासून.”

केरबा उठून बसला. त्याचे ओठ इतके सुजले होते की शब्द नीट निघत नव्हते.

“मला ठाऊक नव्हतं, आत लेकरू...” तो थांबला. मान हलवली. “नाही. खोटं कशाला बोलू? ओरडणं ऐकलं होतं मी.”

वारा नव्हता. खाली दरीत एक घार फिरत होती.

केरबानं हात जोडायला वर उचलले.

“आत्ता मागू नका,” सुरमल म्हणाला. “माझ्याकडे नाही ते.”

केरबाचे हात तसेच अधांतरी राहिले. मग त्याच हातांनी त्यानं सुरमलचा उजवा हात धरला. भीत भीत, तापलेल्या तव्याला लावावी तशी बोटं लावून. केरबा नखानं त्याच्या हातातले माश्यांचे काटे एकेक करून काढू लागला.

सुरमलनं हात मागे घेतला नाही.

“बाबा,” तो म्हणाला, “अनुग्रह राहू द्या. माझ्यात सगळंच उरलंय.”

लहानूबाबांनी डब्यात डोकावून पाहिलं. डबा अर्धाही भरला नव्हता. त्यांनी दोर गुंडाळला आणि केरबाच्या मांडीवर ठेवला.

“एवढ्यानं लेकराची जखम भरायची नाही. उद्या पुन्हा ये, केरबा. उद्या सुरमल उतरेल. दोर तू धर.”