चौथ्या मजल्यावरची खिडकी

एका मोठ्या नगरात एक कल्हईवाला राहत होता. नगर एवढं मोठं, की तिथली जमीन केव्हाच संपली होती. माणसं मात्र सगळ्या वेशींतून येतच होती. कल्हईवाला, त्याची बायको आणि एकुलती एक लेक, अशी तिघं घोड्यांच्या पागेमागे भाड्याच्या एका खोलीत राहायची. दिवसा त्याच खोलीत भट्टी पेटायची, बायको भाता ओढायची, नवसागराचा पांढरा धूर कोंडायचा, आणि दिवस मावळला की त्याच धुरात अंथरुणं पडायची. बायकोला खोकला जडला होता. "स्वतःचं घर झालं की जाईल हो खोकला," असं ती म्हणायची. खोकल्याला घर कुणाच्या नावावर आहे ते कुठे कळतं? पण आशा चिवट असते.

एके वर्षी त्या नगरात एक शेठ आला. वेशीजवळच्या मोकळ्या मैदानात त्याने एक भलंमोठं चित्र उभं केलं. चित्रात सात मजल्यांची इमारत होती, इमारतीपुढे कारंजं होतं आणि कारंज्यात हंस पोहत होते.

"जमीन संपली म्हणून रडता कशाला?" शेठ म्हणाला. "आकाश कुठे संपलंय? एकावर एक घरं बांधू. आज पैसे द्या, दोन दिवाळ्यांत किल्ली घ्या."

लोकांची झुंबड उडाली. घर घेताना माणसाने भिंत ठोकून बघावी, पाया बघावा. इथे भिंतही नव्हती आणि पायाही नव्हता, म्हणून लोकांनी हंस बघितले. कल्हईवाल्यानेही बघितले. साठवलेली पुंजी, बायकोच्या पाटल्या आणि बापाने मागे ठेवलेला तांब्याचा हंडा, सगळं त्याने शेठपुढे ठेवलं आणि शिक्का मारलेला एक कागद घरी आणला. कागदावर लिहिलं होतं, 'चौथा मजला, पूर्वेची खिडकी.' कथलाने माखलेला त्याचा अंगठा कागदाच्या कोपऱ्यावर उमटला होता. बायकोने त्या कागदाला हळदकुंकू वाहिलं.

मैदानात पायाचा खड्डा खणला गेला आणि तिथेच काम थांबलं. पहिल्या वर्षी खाणीतून दगड आला नाही. दुसऱ्या वर्षी राजाची परवानगी अडकली. तिसऱ्या वर्षी मुहूर्त टळला. शेठ काही तोंड लपवत नव्हता हं! दर दसऱ्याला यायचा, सगळ्यांना पेढे वाटायचा आणि पुढच्या दसऱ्याचा वायदा करून जायचा. खड्ड्यात पावसाचं पाणी साचलं, पाण्यात बेडूक झाले. त्या इमारतीत राहायला गेले ते तेवढेच.

लोक मात्र रोज संध्याकाळी मैदानात जमायचे आणि आपापल्या घराखाली उभे राहायचे. कल्हईवाल्याने चार बांबू एकाला एक बांधून उंची मोजली होती. मैदानाच्या कडेला एक कडुनिंब होता. त्याच्या शेंड्याच्या हातभर वर त्याची खिडकी येत होती. तो लेकीला खांद्यावर घ्यायचा आणि बोट वर करायचा.

"ती बघ आपली खिडकी. सकाळचं ऊन आधी चुलीवर पडेल, मग तुझ्या अंथरुणावर. धूर सगळा वरच्या झरोक्यातून जाईल. आणि दुपारी नदीचा वारा येईल."

"आणि माझा पाट कुठे?"

"खिडकीखाली. आणखी कुठे?"

कल्हईवाल्याच्या बायकोने एकदा पाचव्या मजल्याच्या बाईला बजावलं, "तुमच्या सज्ज्यात ओली लुगडी वाळत घालाल तर पाणी आमच्या चुलीवर गळेल. आधीच सांगून ठेवते." ती बाई चिडली. महिनाभर दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. सज्जा नव्हता, लुगडी नव्हती, चूल नव्हती. भांडण तेवढं खरं होतं. हसू नका. घरासाठी ज्याने जीव टाकलाय, त्याला विचारा.

अशी पंधरा वर्षं गेली. कडुनिंब वाढता वाढता खिडकीच्याही वर गेला, आणि नेमकं तिथेच कावळ्याने घरटं बांधलं. "बाबा, आपल्या खोलीत भाडेकरू आला," लेक म्हणाली. तिघं पोट धरून हसली. आता वाटतं, तेव्हाच हसून घेतलं ते बरं झालं.

लेकीचं लग्न ठरलं. जावई दोन दिवसांच्या वाटेवरच्या गावातला, तेलाचा घाणा चालवणारा, अबोल मुलगा. लेकीने हट्टच धरला, मांडव मैदानात घालायचा, आपल्या घराखाली. तसंच झालं. पाठवणीच्या वेळी ती आईच्या गळ्यात पडून रडली, आणि गाडीत बसताना तिने एकदा वर बघितलं.

लेक सासरी गेल्यावर महिनाभराने मैदानाचा राखणदार कल्हईवाल्याकडे आला. आडोशाला नेऊन म्हणाला, "दादा, माझ्या पातेल्याला तुम्ही कधी पैसे घेतले नाहीत, म्हणून तुम्हालाच सांगतो. शेठ काल बायकापोरांसकट नगर सोडून गेला. दगडबिगड काही येत नाही आता. अजून कुणाला ठाऊक नाही."

 कितीतरी वेळ कल्हईवाल्याला भात्याचा आवाजही ऐकू आला नाही. मग त्याने ठरवलं, संध्याकाळी मैदानात सगळ्यांना सांगायचं. सगळे मिळून राजाकडे जायचं, शेठच्या मागे स्वार पाठवायला लावायचे. असं ठरवून तो निघाला. निघताना बायकोला खोकल्याची उबळ आली होती, ती कानात घेऊनच तो मैदानात पोचला.

तिथे एक तरुण शिंपी उभा होता. नगरात नवा आलेला. सोबत त्याची पोटुशी बायको.

"काका," शिंप्याने विचारलं, "इथे कुणाला आपलं घर विकायचंय का हो? फार लांबून आलोय. बाळ स्वतःच्या घरात यावं असं हिला वाटतं."

कल्हईवाल्याने खरं सांगायला तोंड उघडलं. आणि तोंडातून निघालं, "चौथा मजला आहे. सकाळचं ऊन आधी चुलीवर पडतं."

खोटं बोलताना जीभ अडखळते म्हणतात. त्याची अडखळली नाही. पंधरा वर्षं तो त्या घरात मनाने राहिला होता. झरोका कुठे, पाट कुठे, नदीचा वारा कुठल्या बाजूने, सगळं त्याने भडाभडा सांगितलं. ऐकता ऐकता शिंप्याच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या दिवशी कागद शिंप्याच्या हातात गेला.

आलेल्या पैशांत कल्हईवाल्याने नगराच्या दुसऱ्या टोकाला दोन खणांचं घर घेतलं. खऱ्या विटांचं, खऱ्या दाराचं. भट्टी अंगणात गेली, धूर घराबाहेर गेला. बायको नव्या चुलीपुढे बसली आणि म्हणाली, "शेठ तर म्हणत होता, यंदा नक्की. मग घाईने विकलंत का?"

बायकोशी खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. त्याने सगळं सांगितलं.

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "शिंप्याची बायको पोटुशी होती हो," एवढंच म्हणाली. तिचा खोकला काही गेला नाही.

दिवाळी आली. दिवाळसणाला लेक आणि जावई आले. लेकीने घरभर फिरून भिंतींवरून हात फिरवला. मग बापाजवळ बसली.

"बाबा, खरं सांगा. माझ्या लग्नाच्या खर्चापायी खिडकी विकलीत ना?"

आता सांगता आलं असतं. लेक आपली, जावई आपला, घरात परकं कुणी नाही. पण कुठल्या तोंडाने सांगायचं, की पोटच्या पोरीसारख्या एका पोरीला आपण फसवलं? कल्हईवाल्याने मान खाली घातली. लेकीने तिचा अर्थ आपल्या परीने लावला, त्याच्या पायांवर डोकं ठेवलं आणि रडली. "एवढं कशाला केलंत माझ्यासाठी?" असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. जावई बाजूला बसून ऐकत होता.

दोघं आपल्या गावी गेल्यावर बायको म्हणाली, "सांगा तिला."

"सांगेन."

"कधी?"

"पुढच्या खेपेला."

इकडे मैदानात काय झालं तेही ऐका. शिंप्याने राखणदाराचा सदरा फुकट शिवून दिला, म्हणून यथावकाश त्यालाही कळलं. मग सुताराला कळलं, मग पाचव्या मजल्याच्या बाईला. ज्याला कळलं, तो आपलं घर विकून मोकळा झाला. दुसऱ्याला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर विकलं कसं गेलं असतं? त्या दसऱ्याला शेठ आला नाही, तर नवे लोक म्हणाले, दगड आणायला गेला असेल. घरं भराभर हात बदलत होती, त्यामुळे भाव चढत होता, आणि भाव चढतोय म्हटल्यावर गिऱ्हाईक धावत होतं. बेडूक तेवढे जुने राहिले.

पाडव्याला कल्हईवाल्याने दारात गुढी उभारली, तोच लेक आणि जावई दोघं पायी चालत आले. डोक्यावर बोचकी होती आणि लेकीच्या तोंडावर हसू मावत नव्हतं.

"बाबा, चला. आई, तूसुद्धा चल. काही विचारायचं नाही."

ती दोघांना हाताला धरून मैदानात घेऊन आली. कडुनिंबाला कोवळी पालवी फुटली होती. लेकीने कमरेची चंची सोडली आणि त्यातून एक कागद काढून बापाच्या हातावर ठेवला. कोपऱ्यावर कथलाचा अंगठा होता.

"मामा," जावई पहिल्यांदाच एवढं बोलला, "हिचा जीव त्या खिडकीत अडकला होता. तुम्ही आमच्यासाठी विकलीत, हे मला काही गोड लागेना. घाणा विकला, बैल विकले. तुमचं तुम्हाला परत केलं. आता चौघं मिळून राहू."

"कुणाकडून... घेतलंत कुणाकडून?"

"एका शिंप्याकडून," लेक म्हणाली. "मी त्याला म्हटलं, कशावरून हेच घर? तर तो म्हणाला, सकाळचं ऊन आधी चुलीवर पडतं. तुमचेच शब्द, बाबा! मग काय विचारायचं राहिलं?"

कल्हईवाल्याच्या बायकोने पदर तोंडात कोंबला.  मग त्याने सांगितलं. शेठ गेल्याचं, राखणदाराचं, शिंप्याचं, सगळं. सांगायला फार वेळ लागला नाही.

जावई होता तिथेच मातीत बसला. त्याचे तेलाने काळवंडलेले हात मांडीवर उताणे पडले होते. लेक रडली नाही.

"दिवाळसणाला ठाऊक होतं तुम्हाला?"

कल्हईवाल्याने मान खाली घातली. या वेळी तिला बरोबर कळलं.

तेवढ्यात वेशीतून एक म्हातारं जोडपं आलं. म्हाताऱ्याच्या काखेत गाठोडं होतं, ते त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. म्हातारीने लेकीला विचारलं, "पोरी, इथे घरं मिळतात म्हणे? आमचं आता फार थोडं राहिलंय. तेवढं आपल्या घरात जावं असं वाटतं."

लेकीने मातीत बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं. मग बापाकडे बघितलं. तिच्या मनात काय चाललंय ते बापाला लख्ख दिसलं. 'नको गं' असं त्याला ओरडायचं होतं. पण तिने उलट विचारलं असतं, 'तुम्ही काय केलंत?' तर त्याच्यापाशी उत्तर नव्हतं. तो गप्प राहिला. खरं गिळायची ती तिसरी वेळ.

लेकीने पदर सारखा केला आणि बोट वर केलं.

"ती बघा आजी, कडुनिंबात कावळ्याचं घरटं दिसतंय ना, अगदी तिथेच. चौथा मजला. सकाळचं ऊन आधी चुलीवर पडतं, मग अंथरुणावर. धूर सगळा झरोक्यातून जातो..."

तिची जीभ कुठेही अडखळली नाही. म्हातारीने कपाळावर हात आडवा धरला, डोळे बारीक केले आणि वर आकाशात बघत राहिली. मग नवऱ्याचा दंड धरून हलवत म्हणाली, "अहो, दिसली हो मला खिडकी!"

तात्पर्य: जे खोटं आपण परक्याच्या गळ्यात बांधतो, ते फिरत फिरत आपल्याच लेकराच्या तोंडी येऊन बसतं, आणि तेव्हा त्याला गप्प करायला आपल्यापाशी तोंड उरत नाही.