येतो म्हणाला होता

"जाताना काय म्हणाला तो?"

केवळबाबा मठात आतल्या बाजूला तांदूळ निवडत होते. सुपावरची नजर न काढताच त्यांनी विचारलं.

"कोण, बाबा?"

"मघाशी दारात आला होता तो. आवाज ऐकला मी."

तोंड तिखट होतं माझं. तापीकाठच्या त्या लहानशा मठात नऊ वर्षं काढली होती मी. पोथ्या तोंडपाठ होत्या. मठाच्या दारात कुणी यावं आणि कुणी नाही, हे बाबांपेक्षा आपल्यालाच जास्त कळतं, अशी माझी ठाम समजूत. काय सांगू, फार शहाणा होतो मी तेव्हा!

"हिरामण होता," मी म्हणालो. "खळं जाळणारा हिरामण. सुटला म्हणे तुरुंगातून."

हिरामणचं नाव पंचक्रोशीत कुणाला नवं नव्हतं. बांधावरून भावाशी भांडण झालं आणि त्यानं भरदुपारी भावाचं खळं पेटवलं. कडब्याच्या सावलीला भावजय निजली होती, कुशीत तान्हं लेकरू. त्याला माहीत नव्हतं म्हणतात. दोघंही गेली. चौदा वर्षांनी तो सुटून आला, तर गावानं त्याला वेशीतच अडवलं. तिथून तो थेट आमच्याकडे आला होता.

"काय हवं होतं त्याला?"

"एकदा बाबांच्या पायांवर डोकं ठेवू द्या म्हणत होता."

"मग?"

"बाबा नाहीत म्हणून सांगितलं."

सुपातला हात थांबला.

"मी इथं नाही, असं म्हणालास?"

"तर काय करणार? लेकराला जाळणाऱ्याला देव तरी जवळ करील का, बाबा? तसं तोंडावर सांगितलं मी त्याला. तुला कुठल्याच दारात जागा नाही म्हटलं. जा."

"जा म्हणालास."

"हो."

"आणि तो काय म्हणाला?"

"...येतो म्हणाला."

आता हा शब्द मला ठाऊक नव्हता असं थोडंच आहे? निघताना कधी 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. लहानपणी चुकून 'जातो' म्हटलं की आई पाठीत धपाटा घालायची. चौदा वर्षं गजाआड काढूनही त्या माणसाची एवढी रीत सुटली नव्हती. त्यानं हात जोडले, मान खाली घातली आणि म्हणाला, येतो.

मला मात्र तो माज वाटला. जा म्हटलं तरी येतो म्हणतो! मी मागून ओरडलो होतो, "परत इकडं फिरकलास तर तंगडं मोडीन."

हेही बाबांना सांगितलं मी. अगदी छाती काढून सांगितलं.

बाबांनी सूप बाजूला ठेवलं. घोंगडी उचलली, उंबरा ओलांडला आणि बाहेर, लोक चपला काढतात तिथल्या दगडावर जाऊन बसले.

"बाबा, हे काय? उन्हात कशाला बसलात?"

"तूच सांगितलंस ना, बाबा नाहीत म्हणून?"

"अहो, ते त्याला..."

"मठातून गेलेला शब्द आहे, त्र्यंबका. मी आत बसून तो खोटा कसा पाडू?"

"मग आत कधी येणार?"

"तो आला की."

मी तसाच अनवाणी पळालो. चूक कळली म्हणून नव्हे हो! लोक काय म्हणतील म्हणून. गुरू चपलांत आणि चेला आत, हे कुणाला दिसायच्या आधी त्या माणसाला धरून आणायचं होतं मला.

नदीच्या उतारावर सुकदेव नावाडी भेटला.

"होता की इथंच," तो म्हणाला. "बाबा कुठं गेलेत, कधी परततील, असं विचारत होता. म्हणे, येईपर्यंत बसतो. मी म्हटलं, खुळा की काय तू? वीस वर्षांत बाबा मठ सोडून कुठं गेले नाहीत. आतच असतील."

"मग?"

"मग काय... थोडा वेळ पाण्याकडे बघत बसला. उठला आणि काठाकाठानं चालू लागला."

तेव्हा कुठं मला कळलं, मी काय करून बसलो होतो ते.

तीन दिवस शोधलं. त्याच्या बहिणीच्या गावी गेलो, एसटी स्टँड पालथं घातलं. हिरामण सापडला नाही. कुणी म्हणे दूरच्या ऊसतोडीवर गेला, कुणी म्हणे नदीत.

परत आलो तेव्हा बाबा दगडावरच होते. नावाड्याचं बोलणं मी त्यांना सांगितलं. माझ्याच्यानं वर बघवेना.

"म्हणजे," बाबा हळूच म्हणाले, "मी आत होतो आणि नको म्हणालो, असं वाटलं त्याला."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. नऊ वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर बाबा उंबऱ्याच्या आत आले नाहीत. लोकांनी वर पत्रा टाकून दिला. श्रावणाची झड तिथंच, पौषातली थंडी तिथंच. मी हाता-पाया पडलो. एकदा तर चिडून बोललो, "एका खुन्यासाठी किती दिवस वाट बघायची?"

"खुन्याची कुठं बघतोय? येतो म्हणाला होता, त्याची बघतोय."

त्या दिवसापासून मीही बाहेर आलो. खाली, मातीत बसू लागलो. बाबांनी घोंगडीचं एक टोक माझ्याकडे सरकवलं. रागाचा एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. आजही वाटतं.

दुसऱ्या वर्षी पौषात बाबांनी अंथरूण धरलं. तेही त्या पत्र्याखालीच. एका सकाळी श्वास लागला. माणसं उचलून आत न्यायला आली. बाबांनी हातानंच नको म्हटलं.

मी पाय धरले.

"बाबा, चुकलो मी. तुम्ही गेल्यावर तो आला तर... मी काय तोंड दाखवू? काय सांगू त्याला?"

बाबांनी डोळे उघडले. रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाबा आहेत म्हणून सांग. आत ये म्हण."