तांदळातलं नाव

इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले त्र्यंबकराव करमळकर शब्दकोशाला विचारल्याशिवाय शिंकतही नसत. त्यांच्या घरी सून आली, ती दोनातेला नावाची. इटलीतल्या जुन्या शिल्पकाराच्या, दोनातेल्लोच्या नावावरून तिच्या मूर्तिकार वडिलांनी हौसेने ठेवलेलं नाव. लग्नाला दोन महिने असताना वडील गेले. त्यांचं म्हणून तिच्याजवळ तेवढंच उरलं होतं.

गृहप्रवेश झाला. ताटात तांदूळ पसरले. नवरीचं नवं नाव लिहायला नवरा अंगठी घेऊन बसला आणि त्र्यंबकराव इंग्रजी कोश घेऊन.

"सूनबाई, हे बघ. दोनातेल्लो म्हणजे इटालियन शिल्पकार. पुरुषाचं नाव, तेही परक्याचं! आपल्या घरात कसं शोभेल? लिही रे, शारदा."

नवरा तांदूळ सारखे करत राहिला. सुनेने कोशावर बोट ठेवलं.

"अण्णा, हा इटलीचा माणूस इंग्रजीच्या घरात कधी आला?"

"झाली की शेकडो वर्षं!"

"मग इंग्रजीने त्याचं नाव बदलून काय ठेवलं?"

त्र्यंबकरावांनी पान पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नाव जसंच्या तसं होतं. जन्मभर इंग्रजीचं मोठेपण सांगत आलेल्या माणसाला आता उलटं बोलता येईना.

"आहे तेच लिही," ते मुलाला म्हणाले. "ये दोनातेला, देवाला नमस्कार कर."

उच्चार अगदी शुद्ध होता. तिचे डोळे भरून आले. बाबांना तो कधीच जमला नव्हता. ते आपले 'दोन्तिला' अशीच हाक मारायचे, आणि तशी हाक आता कुणीच मारणार नव्हतं.