चौघींची गाडी

अंगणवाडीच्या सुलभाताई ढेपे यांनी इवलीशी गाडी घेतली आणि रिवाजाप्रमाणे पहिली फेरी कुलदेवीला, तुळजापूरला काढली. हायवेवर मागून एक अगडबंब गाडी सारखी हॉर्न वाजवत होती. ताई रसवंतीपाशी थांबल्या, तशी तीही थांबली. काच खाली करून मागच्या सीटवरचे साखर कारखान्याचे एक संचालकसाहेब गरजले, "हा डबा घेऊन मोठ्यांचा रस्ता कशाला अडवता?"

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी गाडीची दारं उघडली. सासू, जाऊ आणि नणंद ओटीचे नारळ सांभाळत उतरल्या.

"आम्ही चौघी देवीला निघालोय. तुमच्याकडे कितीजण?"

ड्रायव्हरच बोलून गेला, "साहेब एकटेच."

"म्हणजे चौघींपेक्षा जास्त रस्ता एकट्याने व्यापायचा, आणि वर आम्हालाच विचारायचं, रस्ता का अडवला?"